पृष्ठानुरूप चित्रारोपण

सपाट चित्र, अक्षरे किंवा चिन्ह छायाचित्रातील खडबडीत, सुरकुतलेल्या अथवा वक्र पृष्ठावर मुळातच छापलेले आहे असे भासावे, अशा रीतीने बसविण्याच्या संगणकीय प्रक्रियेस पृष्ठानुरूप चित्रारोपण म्हणतात. कापडाच्या चुण्यांबरोबर वळणारी नक्षी, विटांच्या सांध्यांत किंचित मोडणारी अक्षरे ही तिची नेहमीची उदाहरणे होत. आरोपित चित्र पृष्ठाशी दोन बाबतींत जुळावे लागते : एक, उंचसखलपणामुळे रेषांना येणारा बाक आणि दुसरी, छायाप्रकाश.

पूर्वपीठिका : हा प्रश्न संगणकापेक्षा पुष्कळ जुना आहे. रोम येथील सांत इन्यात्स्यो चर्चच्या कमानदार छतावर आंद्रेआ पोत्सो (१६४२–१७०९) या चित्रकाराने १६९४ मध्ये पूर्ण केलेले चित्र जमिनीवरील एका ठराविक बिंदूवरून पाहिल्यास खरी वास्तूच वर चढत गेल्याचा भास होतो. सपाट आराखडा वक्र छतावर उतरविण्यासाठी छताखाली दोऱ्यांची आडवी जाळी बांधून तिच्या चौकटी दृष्टिबिंदूपासून छतावर प्रक्षेपित करण्याची रीत त्याने आपल्या ग्रंथात वर्णिली आहे. १७६० मध्ये योहान हाइन्रिख लांबेर्ट यांनी असे दाखविले की, निस्तेज पृष्ठाची दीप्ती त्यावर पडणाऱ्या प्रकाशाच्या कोनावर अवलंबून असते. १८२७ मध्ये कार्ल फ्रीड्रिख गौस यांनी सिद्ध केले की, सपाट पृष्ठ न ताणता दंडगोलावर गुंडाळता येते. गोलावर मात्र नाही. चुणी पडलेल्या कापडावरील नक्षी ताणली न जाता केवळ वळते आणि चेंडूवरील चित्र मात्र विकृत होते, याचे कारण हेच होय.

संगणक आलेखिकीतील विकास : १९७४ मध्ये यूटा विद्यापीठातील प्रबंधात एडविन कॅटमल यांनी वक्र पृष्ठाच्या प्रत्येक बिंदूस सपाट चित्रातील एक बिंदू नेमून देण्याची पद्धती मांडली. १९७८ मध्ये जेम्स ब्लिन यांनी पृष्ठ न हलविता केवळ त्याच्या लंबाची दिशा बदलून सुरकुत्यांचा आभास निर्माण केला. वस्तूची कड मात्र गुळगुळीतच राही. १९८४ मध्ये रॉबर्ट कुक यांनी पृष्ठबिंदूच प्रत्यक्ष सरकविण्याची, म्हणजे विस्थापनाची, कल्पना मांडली. या सर्व पद्धतींत वस्तूचा भौमितिक आकार संगणकास आधीच ज्ञात असतो.

छायाचित्र-संपादन : छायाचित्रात असा आकार उपलब्ध नसतो, असते ती केवळ प्रत्येक चित्रबिंदूची दीप्ती. टॉमस व जॉन नोल या बंधूंनी विकसित केलेली आणि १९९० मध्ये अडोबी कंपनीने विक्रीस आणलेली फोटोशॉप ही आज्ञावली या क्षेत्रात सर्वाधिक प्रचलित झाली. तिच्यातील विस्थापन-गाळणी दुसऱ्या एका प्रतिमेचा नकाशासारखा उपयोग करते. त्या नकाशातील १२८ मूल्याची करडी छटा चित्रबिंदूस जागेवरच ठेवते. ० व २५५ ही मूल्ये त्यास परस्परविरुद्ध दिशांना जास्तीत जास्त सरकवितात. नकाशात एकाहून अधिक वर्णस्तर असल्यास पहिला आडवे व दुसरा उभे विस्थापन ठरवितो. कापडाच्या छायाचित्राचीच कृष्णधवल व किंचित अस्पष्ट केलेली प्रत नकाशा म्हणून वापरली की नक्षी चुण्यांबरोबर वळू लागते. त्यानंतर दोन्ही प्रतिमांच्या दीप्तिमूल्यांचा गुणाकार केल्यास पृष्ठावरील छाया नक्षीवर उतरतात. १९९४ च्या तिसऱ्या आवृत्तीत आलेल्या थरांमुळे मूळ छायाचित्रास धक्का न लावता हे बदल करणे सुलभ झाले.

मर्यादा : या पद्धतीत दीप्तीलाच उंची मानले जाते. लांबेर्ट यांच्या नियमानुसार दीप्ती उंचीची नव्हे, तर उताराची निदर्शक असते. शिवाय तिच्यात पृष्ठाचा स्वतःचा रंगही मिसळलेला असतो. त्यामुळे कापडावरील काळा डाग खड्डा समजला जातो आणि चौकड्यांच्या कापडावर नसलेल्या चुण्या उमटतात. नकाशा अस्पष्ट करण्यामागे हे दोष सौम्य करण्याचाच हेतू असतो. दीप्तीवरून खरा आकार काढण्याचा प्रश्न गणितीय रूपात १९७० मध्ये मॅसॅचूसेट्स तंत्रविद्या संस्थेत बेर्टोल्ड हॉर्न यांनी हाताळला. एकाच छायाचित्रावरून खोलीचा अंदाज बांधणारे तंत्रिका-जाल न्यूयॉर्क विद्यापीठातील संशोधकांनी २०१४ मध्ये सादर केले. तथापि साध्या विस्थापनाचा उपयोग टिकून आहे, कारण मानवी दृष्टीही छायेवरूनच उंचसखलपणाचा अंदाज करते. रेषांचे वळण छायेशी सुसंगत असले, की ते मोजमापाने अचूक नसले तरी तिचे समाधान होते.

महत्त्व : अद्याप न छापलेले वस्त्र किंवा वेष्टन छापल्याप्रमाणे ग्राहकास दाखविणे, चित्रपटातील दृश्यांत पाट्या बदलणे इत्यादींसाठी हे तंत्र वापरले जाते. कोणाच्याही हातातील फलकावर त्याने न लिहिलेला मजकूर घालणेही त्यामुळे शक्य झाले आहे. अशा फसवणुकीचा शोध घेण्यासाठी २०१० मध्ये हॅनी फरीद व त्यांच्या सहकाऱ्यांनी फलकावरील अक्षरे यथादर्शनाच्या भूमितीशी जुळतात की नाही, हे तपासण्याची पद्धती मांडली. सपाट चित्र पृष्ठाशी एकरूप करणारे नियमच अशा प्रकारे ते मागाहून बसविलेले असल्याचा पुरावाही पुरवू शकतात.