पायाखालची पांढरी : नाशिकच्या काझी गढीची गोष्ट (थ्रेड)

१/ नाशिकचा द्वारका चौक ही मुंबई-आग्रा आणि नाशिक-पुणे या महामार्गांची गाठ. तेथून जुन्या नाशकात शिरून गोदावरीच्या दिशेने गेले, की नदीकाठी मातीचे एक उंच टेकाड लागते. जुनी गढी, मातीची गढी, काझीची गढी अशी त्याची तीन नावे. माथ्यावर दाट वस्ती आहे आणि नदीकडचा कडा पावसाळ्यात ढासळत राहतो. तो का ढासळतो, याचे उत्तर भूगोलाइतकेच इतिहासातही आहे.

२/ जुने नाशिक नऊ टेकड्यांवर वसले, म्हणून ‘नवशिखा’वरून नाव पडले, अशी एक व्युत्पत्ती सांगितली जाते. गढी त्यांपैकीच एक. पण ती सह्याद्रीच्या काळ्या पाषाणाची टेकडी नव्हे. शेतकरी पिकाच्या जमिनीला ‘काळी’ आणि गावठाणाच्या जमिनीला ‘पांढरी’ म्हणतो. पडलेल्या भिंती, चुलीतली राख, शेण, खापरे पिढ्यान्‌पिढ्या साचून पांढरी तयार होते. गढीचा मोठा भाग अशा पांढरीचाच आहे.

३/ हे सिद्ध झाले १९५०-५१ साली. पुण्याच्या डेक्कन कॉलेजच्या वतीने ह. धी. सांकलिया आणि शां. भा. देव यांनी येथे उत्खनन केले. त्याच मोहिमेत संगमनेरजवळचे जोर्वे उत्खनित झाले. दोन्ही स्थळांचा एकत्रित अहवाल १९५५ साली प्रसिद्ध झाला.

४/ तळच्या थरांत ताम्रपाषाणयुगातील रंगीत खापरे आणि गारगोटीसारख्या दगडांची सूक्ष्म हत्यारे मिळाली. ही वस्ती सुमारे तीन हजार वर्षांपूर्वीची. त्यावर प्राचीन ऐतिहासिक काळ आणि त्यातली उत्तरेकडून आलेली काळी, चकाकदार मृद्भांडी. त्यावर रोमन व्यापाराच्या काळाच्या खुणा. सर्वांत वर मुसलमानी आणि मराठा अंमलाचे अवशेष. एका शहराचा इतिहास येथे एकावर एक रचलेला आहे.

५/ पांडवलेणी सर्वांना ठाऊक आहेत. तेथील १९ व्या लेण्यात कृष्ण सातवाहनाच्या काळी नाशिकच्या महामात्राने लेणे करविल्याची नोंद आहे. १० व्या लेण्यात नहपानाचा जावई उषवदात याने गोवर्धनच्या विणकर श्रेणींकडे ३,००० कार्षापण व्याजाने ठेवल्याचा लेख आहे. दान देणाऱ्यांची नावे खडकात टिकली. त्या काळचे नाशिक ज्या मातीत राहिले, तिचे थर मात्र नदीच्या कडेला उघडे पडले आहेत.

६/ आता ढासळण्याचे कारण. पांढरी भुसभुशीत असते. कोरडी असताना ती जवळजवळ उभा कडा धरते. पाणी मुरले की तिचे वजन वाढते आणि कणांची परस्परांवरील पकड सुटते. वस्तीच्या टेकाडांत जुने आड, पेवे, शोषखड्डे गाडलेले असतात. अशा पोकळ्यांत पाणी साठते. वरून सांडपाणी, खालून पुराचा मारा. पायथा खचला की माथा सुटतो.

७/ या प्रश्नाचे दुसरे रूप विदर्भात दिसते. २६ ऑगस्ट २०२२ रोजी चंद्रपूर जिल्ह्यातील घुग्घुस येथे आमराई वॉर्डात एक घर काही क्षणांत जमिनीत गडप झाले. वस्तीखाली जुनी, बंद पडलेली भूमिगत कोळसाखाण होती. खाणीत छत तोलण्यासाठी कोळशाचे खांब सोडलेले असतात. खाण बंद झाल्यावर ते पाण्याने आणि काळाने झिजतात, मग छत बसते. त्या घरातील माणसे बचावली, परंतु परिसरातील अनेक कुटुंबांना घरे सोडावी लागली.

८/ घुग्घुसला मागच्या पिढ्यांनी जमीन पोखरली, नाशकात ती साचवली. दोन्हीकडे पायाखालची जमीन निसर्गनिर्मित राहिलेली नाही आणि दोन्हीकडे धोका आजच्या रहिवाशांच्या वाट्याला आला आहे. गढीवर पावसाळा आला की घरे रिकामी करण्याच्या नोटिसा येतात. पाऊस सरला की विषय मागे पडतो. रोजगार, शाळा, नातीगोती तेथेच असलेल्या कुटुंबाला नोटिशीने पर्यायी घर मिळत नाही. म्हणून संरक्षक भिंतीची मागणी जुनी आहे.

९/ भिंत हवीच, कारण माणसांचे जीव खापरांहून मोलाचे. मात्र भिंतीचा पाया खणण्याआधी उघड्या कड्याची मोजमापे, छायाचित्रे आणि थरांची नोंद घेता येईल. हे काही दिवसांचे काम आहे. पुरातत्त्वात वस्तूपेक्षा तिचा थर महत्त्वाचा. कड्यावरून नदीत पडलेले खापर कोणी वेचले, तरी ते कोणत्या शतकातल्या घरातले होते हे सांगणारा थर वाहून गेलेला असतो. रहिवाशांचे सुरक्षित पुनर्वसन आणि या थरांची नोंद, ही दोन्ही कामे पुढचा पाऊस येण्याआधीच व्हायला हवीत.