केडगावच्या मुलींचे जथे

पुण्याहून दौंडकडे जाताना केडगाव स्टेशन लागतं. तिथलं पंडिता रमाबाईंचं मुक्ती मिशन शिरूर-दौंडच्या बायकांना ऐकून तरी माहीत असतं. पण १९०५ साली तिथल्या मुली जथे करून आजूबाजूच्या गावांत गाणी म्हणत, प्रार्थना करत आणि चारचौघांत बोलत फिरल्या, हे फारसं कुणी सांगत नाही. आज आम्ही तेच सांगणार आहोत.

कोण होत्या या मुली? १८९६-९७ साली मध्य प्रांतात मोठा दुष्काळ पडला. रमाबाई तिकडे गेल्या आणि सुमारे ३०० बायका-मुलींना घेऊन आल्या. पुण्यात तेव्हा प्लेग होता, म्हणून त्यांना केडगावच्या शेतावर ठेवलं. १९०० साली गुजरातच्या दुष्काळातून आणखी मुली आल्या. वस्ती दोन हजारांच्या घरात गेली. त्यात अनाथ होत्या, बालविधवा होत्या. इथे त्या लिहायला-वाचायला शिकल्या, विणकाम शिकल्या, छापखाना चालवायला शिकल्या.

गावोगाव फिरून बोलणं रमाबाईंना नवं नव्हतं. त्यांचे वडील अनंतशास्त्री डोंगरे तीर्थोतीर्थी पुराण सांगत. आई लक्ष्मीबाईंनी लेकीला संस्कृत शिकवलं. दुष्काळातच आई-वडील गेले. पुढे १८८३ साली इंग्लंडमध्ये रमाबाईंनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला. धर्मांतरावरून पुण्यात मोठा वाद पेटला, तोही इतिहासाचाच भाग आहे.

१९०५ च्या जानेवारीत त्यांनी मुलींना विचारलं, रोज प्रार्थनेला कोण जमेल? ७० जणी पुढे आल्या. जूनपर्यंत ५५० जणी दिवसातून दोनदा जमू लागल्या. गावांत जायला कोण तयार आहे, असं विचारल्यावर तीसेक तरुण मुली उभ्या राहिल्या. मग जथे निघू लागले.

याची बातमी दूरवर गेली. मुक्तीत काम करणाऱ्या मिनी अब्राम्स या अमेरिकन बाईंनी १९०६ साली एक पुस्तिका लिहिली. ती दक्षिण अमेरिकेतल्या चिली देशात आपल्या जुन्या मैत्रिणीला पाठवली. ती वाचून तिथेही माणसं अशीच प्रार्थनेला जमू लागली, आणि १९०९ साली तिथे एक नवी ख्रिस्ती चळवळ उभी राहिली. कुठे केडगाव आणि कुठे चिली!

जथ्यांचं आयुष्य मात्र थोडं. दोन-अडीच वर्षांत ती लाट ओसरली. मुली अभ्यासाला, कामाला लागल्या. रमाबाईंनी मराठीत केलेलं बायबलचं भाषांतर मुक्तीतल्याच छापखान्यात छापलं गेलं. १९२२ साली रमाबाई गेल्या. जथ्यांतल्या बहुतेक मुलींची नावं कुठल्याही पुस्तकात आली नाहीत.

मैत्रिणींनो, कुणी कोणता धर्म मानावा हा ज्याचा त्याचा प्रश्न. आम्हाला यात दुसरं काही दिसतं. ज्या काळात बाईनं परक्यापुढे तोंड उघडणं पाप समजत, त्या काळात भुकेतून वाचलेल्या पोरी अनोळखी गावात उभ्या राहिल्या. गाठीला चार अक्षरं होती आणि शेजारी सोबतीण होती, म्हणून त्यांना ते जमलं.

आजही ग्रामसभेत आपल्यातली एकटी बाई उठली, की आवाज घशात अडकतो. म्हणून पुढच्या ग्रामसभेला गटानं जा, शेजारी-शेजारी बसा. एक उठली की दुसरीनं तिच्या बोलण्याला दुजोरा द्या. आणि इतिवृत्तात आपलं म्हणणं नावासकट लिहून घ्या. केडगावच्या मुलींची नावं राहिली नाहीत, आपली राहू द्या.