एका यादीची गोष्ट : अमेरिकी महाविद्यालये, सैन्यभरती आणि विद्यार्थ्यांची खासगी माहिती

#थ्रेड

१/ मे १९६६. शिकागो विद्यापीठाच्या प्रशासकीय इमारतीत शेकडो विद्यार्थ्यांनी ठिय्या मांडला. त्यांचा आक्षेप एका साध्या वाटणाऱ्या नोंदीवर होता : विद्यार्थ्यांचे वर्गातील क्रमांक. हे क्रमांक सैन्यभरती मंडळांच्या कामी येऊ नयेत, एवढीच त्यांची मागणी होती.

२/ त्यामागे भीती होती ती व्हिएतनाम युद्धाची. भरती सक्तीची होती. महाविद्यालयीन विद्यार्थ्यांना तात्पुरती सूट मिळे. १९६६ मध्ये ही सूट देताना वर्गातील क्रमांक आणि चाचणीचे गुण पाहिले जाऊ लागले. गुणपत्रिकेतला खालचा क्रमांक थेट रणांगणाची वाट दाखवू शकत होता.

३/ १९७३ मध्ये सक्तीची भरती थांबली. तरुणांना बोलावून घेण्याचा अधिकार गेल्यावर त्यांचे मन वळवणे भाग पडले. त्यासाठी आधी त्यांच्यापर्यंत पोहोचायला हवे, म्हणजेच नाव, पत्ता आणि दूरध्वनी क्रमांक हवा.

४/ २१ ऑगस्ट १९७४. निक्सन यांच्या राजीनाम्याला अवघे १२ दिवस झाले होते. राष्ट्राध्यक्ष फोर्ड यांनी शैक्षणिक नोंदींच्या गोपनीयतेचा कायदा मंजूर केला. सिनेटर जेम्स बकली यांच्या पुढाकाराने झालेल्या या कायद्यामुळे विद्यार्थ्याच्या संमतीविना त्याच्या नोंदी इतरांना देण्यावर बंधन आले.

५/ मात्र या भिंतीला एक खिडकी ठेवली गेली. नाव, पत्ता, दूरध्वनी, जन्मस्थळ, अभ्यासविषय, पदवी अशी ‘निर्देशिकेतील माहिती’ निरुपद्रवी मानली गेली. ती संस्था देऊ शकते. नको असल्यास विद्यार्थ्याने तसे कळवायचे. थोडक्यात, मौन हीच संमती!

६/ १९९४ मध्ये न्यूयॉर्कचे प्रतिनिधी जेराल्ड सॉलोमन यांच्या दुरुस्तीने नियम केला : भरती अधिकाऱ्यांना आवारात मज्जाव करणाऱ्या संस्थेला संरक्षण खात्याचा निधी नाही. १९९६ मध्ये इतर खात्यांचा निधीही या अटीत आला, आणि १७ वर्षे व त्यावरील विद्यार्थ्यांची यादी पुरवण्याचे बंधनही. ‘देऊ शकते’चे ‘दिलीच पाहिजे’ झाले.

७/ या यादीत गुण किंवा शिस्तभंगाच्या नोंदी येत नाहीत, हे खरे. विद्यार्थ्यांचे अर्थसाहाय्यही १९९९ मध्ये या अटीतून वगळले गेले. पण संशोधनाचा निधी टांगणीला लागल्यावर नकार देणार कोण? एखाद्या विभागाने नकार दिला, तरी फटका संपूर्ण विद्यापीठाला!

८/ विद्यार्थ्याला नकार देता येतो. पण खरी मेख इथेच आहे. नियमानुसार तो नकार केवळ सैन्यापुरता चालत नाही. सर्वच त्रयस्थांना माहिती नाकारावी लागते. मग पदवीदान समारंभाच्या पुस्तिकेतून नाव गळू शकते, नोकरी देणाऱ्याला पदवीची खातरजमा करणेही अवघड होऊ शकते.

९/ जानेवारी २००२ मध्ये संमत झालेल्या शालेय शिक्षण कायद्याने हेच बंधन माध्यमिक शाळांवर घातले. ६ मार्च २००६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ८ विरुद्ध ० मतांनी सॉलोमन दुरुस्ती वैध ठरवली. वाद समलिंगींना सैन्यात उघडपणे वावरू न देण्याच्या धोरणावरून विधी महाविद्यालयांनी उभा केला होता, आणि तो आवारातील प्रवेशाचा होता. विद्यार्थ्यांच्या यादीचा प्रश्न तिथे कसोटीला लागलाच नाही.

१०/ १९६६ च्या विद्यार्थ्यांना ठाऊक होते की कोणतीही नोंद मुळात निरुपद्रवी नसते. ती कोणाच्या हाती पडते, यावर सारे ठरते. पुढच्या पिढीच्या वाट्याला ठिय्या नव्हे, तर प्रवेशाच्या कागदपत्रांत दडलेला एक रिकामा चौकोन आला. तो न वाचताच सही करणारे आजही बहुसंख्य असतील.

आपण अशा चौकोनावर शेवटचे कधी थांबलात?

(समाप्त)