खोट्या अर्थांचा खेळ

शब्दकोश आणि थापा एवढ्या भांडवलावर चालणारा बैठा खेळ. चार-पाच जण, कागदाच्या चिठ्ठ्या आणि एखादा जाडजूड कोश असला की पुरे. इंग्रजीत तो ‘डिक्शनरी गेम’ किंवा ‘फिक्शनरी’ या नावांनी ओळखला जातो. मराठीत त्याला रुळलेले नाव नाही. गावांच्या भेंड्या आणि उखाणे-कोडी यांच्या शेजारी मात्र तो सहज बसतो, आणि त्याला लागणारा दारूगोळा मराठीत मुबलक आहे.

रीत अशी : एकाने कोशातून कोणालाच ठाऊक नसलेला शब्द काढून मोठ्याने सांगायचा आणि त्याचा खरा अर्थ चिठ्ठीवर उतरवून घ्यायचा. बाकीच्यांनी त्याच शब्दाचे खोटे अर्थ रचून चिठ्ठ्या त्याच्या हाती द्यायच्या. सगळ्या चिठ्ठ्या मिसळून वाचल्या जातात आणि खरा अर्थ कोणता यावर मते पडतात. खरा ओळखणाऱ्याला गुण, आणि आपल्या थापेला जितकी मते पडली तितके गुण थापाड्याला. कोणालाच खरा अर्थ सापडला नाही, तर कोशवाल्याचे फावते. गुणांचे हिशेब घरोघरी बदलतात. एक नियम मात्र कुठेही सुटत नाही : कोशवाल्याने सगळ्या चिठ्ठ्या आधी मनात वाचून मगच एका सुरात वाचायच्या. एखाद्याच्या गिचमिड अक्षरापाशी तो अडखळला, की ती चिठ्ठी कोशातली नाही हे पोरेसुद्धा ओळखतात.

या खेळाला शब्द पुरवायला मरून गेलेल्या कामांइतकी चांगली खाण नाही. परभणी जिल्ह्यातल्या सेलू तालुक्यातले वालूर घ्या. तिथली जुनी बारव प्रसिद्ध आहे ती तिच्या जिन्यामुळे. पायऱ्या सरळ रांगेत न उतरता गोल फिरत पाण्याकडे जातात. रोहन काळे यांनी चालवलेल्या बारव संवर्धनाच्या मोहिमेमुळे अलीकडे अशा विहिरींकडे राज्यभर लक्ष गेले आणि वालूरचे नावही दूरवर पोचले. बारव दगडाची, म्हणून टिकली. विहिरीवरच्या मोटेची भाषा मात्र इंजिन आणि विजेचा पंप आल्यावर मोटेबरोबरच गेली, आणि ती आता कोशातच शोधावी लागते.

‘सोंदूर’ हा त्यातलाच शब्द. समजा, तो डावात आला आणि चार चिठ्ठ्या वाचल्या गेल्या. एक : शेंदूर खलताना हात पुसायचे तेलकट फडके. दोन : मोटेच्या सोंडेला बांधलेला बारीक दोर. तीन : उन्हाळ्यात विहिरीच्या तळाशी बसणारा निळसर गाळ. चार : नवी सून पहिल्यांदा पाणी भरायला निघाली की सासूने तिच्या घागरीला बांधायचा लाल धागा. चौथ्या चिठ्ठीत गोष्ट फार, म्हणून मुरलेला खेळाडू ती आधी बाजूला टाकतो. पहिलीत शेंदूर-सोंदूर हे यमक उघडे पडते. खरी लढत गाळ आणि दोर यांच्यात होते आणि पुष्कळदा गाळ जिंकतो. कारण ज्याने मोट पाहिलेली नाही, त्याला कातड्याच्या मोटेला सोंड असते हेच मुळी खोटे वाटते. खरा अर्थ दोराचा. मोट ओढायला जाड नाडा आणि सोंड वर धरून ठेवायला सोंदूर, असे दोन दोर लागत. मोट वर आली की सोंड पुढे ओढली जाऊन पाणी थारोळ्यात पडे.

थारोळे! मोटेचे पाणी जिथे ओतले जाई तो हौद. आज हा शब्द बहुतेकांना ‘रक्ताच्या थारोळ्यात’ एवढ्या एकाच जागी भेटतो, तोही गुन्ह्यांच्या बातमीत. त्यामुळे खरा अर्थ वाचला की मंडळी हसतात आणि मत भलतीकडे देतात. ओळखीचे शब्द असे जास्त फसवतात. ‘धाव’ म्हणजे गाडीच्या चाकावर चढवलेली लोखंडी पट्टी, आणि मोट ओढणाऱ्या बैलांची उतरती वाटसुद्धा. ‘पास’ म्हणजे वखराचे लोखंडी पाते. शहरातले पोर परीक्षेपलीकडे जात नाही. ‘चाडे’ म्हणजे तिफणीवरचे बी सोडायचे वाडगे. मराठवाड्यातल्या एखाद्या आजोबांना डावात घेतले, तर हे शब्द वापरता येत नाहीत. ते चिठ्ठ्या न ऐकताच उत्तर देतात.

खोटा अर्थ कोशासारखा कोरडा असावा लागतो. य. रा. दाते आणि चिं. ग. कर्वे यांच्या संपादनाखाली 1932 ते 1938 या काळात सात खंडांत निघालेला ‘महाराष्ट्र शब्दकोश’ या दृष्टीने उत्तम शिक्षक आहे. शब्दाचे लिंग, तो वऱ्हाडीतला की गोव्याकडचा याची कंसातली खूण, शेवटी संस्कृत किंवा फारसी मूळ : एवढी सजावट थापेला चढवली, की तिच्यावर संशय घ्यायला माणूस कचरतो. मोल्सवर्थच्या 1831च्या मराठी-इंग्रजी कोशातूनही खेळता येते, पण मग अर्थाचे भाषांतर करताना कोशवाल्याची शैली कळून जाते.

गावांच्या नावांवर हाच प्रयोग डग्लस अ‍ॅडम्स आणि जॉन लॉइड यांनी केला. 1983च्या ‘द मीनिंग ऑफ लिफ’ या पुस्तकात त्यांनी खऱ्या गावांची नावे उचलून, ज्यांना भाषेत शब्दच नाही अशा अनुभवांना ती बहाल केली. त्या चालीवर वालूर म्हणजे ‘गोल जिना उतरताना शेवटच्या पायरीआधी येणारी हलकी भोवळ’ असे म्हणता येईल. हा अर्थ अर्थातच याच नोंदीसाठी रचलेला आहे. गावात मात्र नावाचा संबंध वाल्मीकी ऋषींशी जोडला जातो. वाल्मीकी आणि वारूळ यांची कथा सर्वांना ठाऊक, आणि ‘वारूळ’ची अक्षरे जराशी हलवली की ‘वालूर’जवळ पोचता येते. डावात अशा व्युत्पत्तीला भरभरून मते पडतील.

या खेळाला घराबाहेर नाव मिळाले ते दूरचित्रवाणीमुळे. ‘कॉल माय ब्लफ’ हा कार्यक्रम 1965 साली आधी अमेरिकेत आणि मग बीबीसीवर सुरू झाला. तिघा-तिघांचे दोन संघ, एका शब्दाचे तीन अर्थ, त्यांतला एकच खरा. अमेरिकेत तो लवकर आटोपला. ब्रिटनमध्ये मात्र वर्षानुवर्षे चालला. 1984 साली कॅनडात लॉरा रॉबिन्सन आणि पॉल टॉइन यांनी ‘बॉल्डरडॅश’ हा पेटीतला खेळ बाजारात आणला. कोश हुडकण्याचे कष्ट त्यात वाचतात आणि, खरे सांगायचे तर, निम्मी गंमतही जाते.

कोशकारही या खेळातून सुटलेले नाहीत. वेबस्टरच्या 1934च्या मोठ्या कोशात ‘डॉर्ड’ हा शब्द ‘घनता’ या अर्थाने छापला गेला. मूळ चिठ्ठीवर ‘डी ऑर डी’ एवढेच होते, म्हणजे घनतेसाठी मोठे किंवा लहान डी हे अक्षर. छपाईच्या वाटेवर त्याचाच एक शब्द झाला. 1939 साली या नोंदीला व्युत्पत्ती नसल्याचे संपादकाच्या लक्षात आले, तरी ती जायला 1947 उजाडले. ‘न्यू ऑक्सफर्ड अमेरिकन डिक्शनरी’च्या 2001च्या आवृत्तीत तर ‘एस्क्विव्हेलियन्स’, म्हणजे कर्तव्य टाळण्याची वृत्ती, हा बनावट शब्द मुद्दाम पेरला होता. दुसऱ्या कोणाच्या कोशात तो उगवला, की चोरी पकडली जाणार.

मराठी डावासाठी सोय आता भलतीच सोपी झाली आहे. शिकागो विद्यापीठाच्या संकेतस्थळावर मोल्सवर्थ आणि दाते-कर्वे हे दोन्ही कोश फुकट शोधता येतात. त्यामुळे शब्द उच्चारण्याआधी सगळ्यांचे मोबाईल एका टोपलीत जमा करून घेणे, हा जुन्या नियमावलीत नसलेला नियम पाळावा लागतो.