साडेतीन इंच गुणिले चार इंच

गेल्या दिवाळीत देवगाव रंगारीला घरी पोहोचलो आणि चहा व्हायच्या आत अण्णांनी प्रश्न टाकला. "तू इंजिनिअर ना? मग सांग, पिकअप घ्यायची तर इंजिन कोणतं घ्यावं? ॲव्हरेज कोणतं जास्त देतं?"

मी पुण्यात सॉफ्टवेअर लिहितो. माझी शाखा कॉम्प्युटर. पहिल्या वर्षाला मेकॅनिकलचा एक पेपर होता, तो कसाबसा सुटला. पण आमच्याकडे इंजिनिअर म्हणजे इंजिनातलं कळणारा माणूस, त्यामुळे सुटका नव्हती. शिवाय प्रश्न साधा नव्हता, हे आम्हा दोघांनाही माहीत होतं. २०१३ साली आमच्या दारातला छोटा टेम्पो फायनान्सवाल्यांनी ओढून नेला होता. मी तेव्हा अकरावीत होतो. गाडी गेली त्या दिवशी अण्णा काही बोलले नाहीत, फक्त टेम्पोत राहिलेली दोरखंडं आणि ताडपत्री मागून घेतली. ती ताडपत्री अजून कांद्याच्या चाळीवर आहे.

तर या वेळी चूक परवडणार नव्हती. मी नेहमीप्रमाणे लॅपटॉप उघडला, आणि तक्ता बनवायला बसलो तो इतिहासातच शिरलो.

सुरुवात 'टेम्पो' या शब्दापासूनच करावी लागते. मराठीत माल वाहणारी कुठलीही लहान गाडी म्हणजे टेम्पो. हा शब्द हॅम्बुर्गहून आला. तिथल्या व्हिडाल अँड सोन या कंपनीच्या गाड्यांचं ते नाव. १९५८ साली नवलमल फिरोदिया यांनी या जर्मन कंपनीशी करार करून बजाज टेम्पो उभी केली आणि 'हॅन्सीट' नावाची तीनचाकी बनवायला घेतली. पुढे एकच चाक, लांबुडकं नाक, टू-स्ट्रोक पेट्रोल इंजिन. कंपनीचं नाव आता फोर्स मोटर्स आहे, पण शब्द मराठीत राहिला तो राहिलाच. आमच्या गावात टाटाची गाडीसुद्धा टेम्पोच असते.

त्या काळात पेट्रोल हा मोठा प्रश्न नव्हता. मुंबईत महिंद्राने स्वातंत्र्याच्या सुमारास विलिज जीप जोडायला सुरुवात केली, तिचं इंजिनही पेट्रोलचं. सव्वादोन लिटरच्या आसपासचं, मूळ युद्धातल्या जीपच्या घराण्यातलं. युद्धात इंधनाचं बिल सरकार भरतं. मग ऑक्टोबर १९७३ मध्ये अरब देशांनी तेलाचा नळ आवळला आणि काही महिन्यांत कच्च्या तेलाचा भाव पिंपाला तीन डॉलरच्या आसपासून बारा डॉलरच्या जवळ गेला. पेट्रोलची जीप पोसणं सरकारी खात्यांनाही जड जायला लागलं, खासगी माणसाची तर बातच सोडा.

इथे महिंद्राने जे केलं ते मला फार आवडतं, कारण ते अगदी आपल्याकडच्या मिस्त्रीच्या डोक्याने केलेलं आहे. १९६३ साली महिंद्रा, अमेरिकेची इंटरनॅशनल हार्वेस्टर आणि व्होल्टास यांनी मिळून ट्रॅक्टरची कंपनी काढली होती. तिचा ट्रॅक्टर होता बी-२७५. म्हणजे घरात एक डिझेल इंजिन आधीच तयार होतं, शेतात राबून सिद्ध झालेलं. सत्तरीच्या दशकाच्या मध्यात तेच ट्रॅक्टरचं इंजिन जीपमध्ये बसवलं गेलं. गाडी हलायची, आवाज करायची, पळायची बेताची. पण डिझेल स्वस्त होतं आणि लागायचं कमी.

कमी का लागायचं, याचं उत्तर रुडॉल्फ डिझेलने १८९७ सालीच दाखवून दिलं होतं. आउग्सबुर्गमध्ये त्याच्या इंजिनाने इंधनातल्या उष्णतेपैकी सुमारे २६ टक्के कामाला लावली, आणि तेव्हाची वाफेची चांगली इंजिनंही त्याच्या जवळपास नव्हती. हवा इतकी दाबायची की ती स्वतःच तापते, मग तिच्यात डिझेल फवारायचं. ठिणगी नको. हवा जितकी जास्त दाबाल तितकं इंधनातून जास्त काम निघतं, आणि पेट्रोलला एवढा दाब सोसत नाही. शिवाय एक लिटर डिझेलमध्ये एक लिटर पेट्रोलपेक्षा ऊर्जाही थोडी जास्त भरलेली असते. आपण लिटरने मोजतो म्हणून हा फायदा आपसूक पदरात पडतो.

पण डिझेल-डिझेलमध्येही फरक असतो, आणि अण्णांच्या प्रश्नाचं खरं मूळ तिथे आहे.

१९७९ साली महिंद्राने फ्रान्सच्या पेज्योशी करार केला. पेज्योचं एक्सडीपी ४.९० हे इंजिन इगतपुरीच्या कारखान्यात बनायला लागलं. याच घराण्यातली इंजिनं पेज्योच्या ५०४ गाडीत होती, आणि ५०४ची पिकअप आफ्रिकेत कुठेकुठे पोहोचली ते सांगायला वेगळा लेख लागेल. ज्या जीपांना हे इंजिन मिळालं त्यांच्या नावापुढे 'डीपी' लागलं. डीपी म्हणजे डिझेल पेज्यो. मी लहानपणापासून एमएम ५४० डीपी हे ऐकत आलो, पण 'पी'मध्ये एक फ्रेंच कंपनी लपली आहे हे मला अठ्ठाविसाव्या वर्षी कळलं.

४.९० या आकड्याचा अर्थ लागला तेव्हा तर मी रात्री दीड वाजता उठून बसलो. चार सिलिंडर, प्रत्येकाचा व्यास ९० मिलिमीटर. टाटाचंही तसंच. ४०७ मधलं ४९७ इंजिन म्हणजे चार सिलिंडर, ९७ मिमी व्यास. टाटामोबाइलमधलं ४८३ म्हणजे चार आणि ८३. इंडिकाचं ४७५. आणि २००५ साली पुण्यात गिरीश वाघ यांच्या टीमने आणलेला टाटा एस, आपला छोटा हत्ती, त्याचं इंजिन २७५. दोन सिलिंडर, ७५ मिमी. इंडिकाचं १४०५ सीसीचं इंजिन मधून कापलं की ७०२ सीसी उरतं, तेच हे. (ट्रॅक्टरच्या बी-२७५शी याचा काही संबंध नाही. मी अर्धा तास तो शोधण्यात घालवला.)

पेज्योचं इंजिन ट्रॅक्टरच्या इंजिनापेक्षा गुळगुळीत होतं, जास्त फेरे घ्यायचं, गाडी रस्त्यावर पळायची. पण ते 'इनडायरेक्ट' जातीचं होतं. मुख्य सिलिंडरच्या डोक्यावर एक छोटी कोठडी असते, डिझेल आधी तिच्यात पेटतं आणि मग जाळ अरुंद तोंडातून पिस्टनवर येतो. त्याने धडधड कमी होते, पण कोठडीच्या भिंती उष्णता पिऊन टाकतात. डायरेक्ट इंजेक्शनमध्ये, म्हणजे 'डीआय'मध्ये, फवारा थेट पिस्टनच्या माथ्यावरच्या वाटीत पडतो. आवाज मोठा होतो, पण त्याच कामाला साधारण दहा ते पंधरा टक्के डिझेल कमी लागतं.

आता आठवून बघा, जुन्या गाड्यांच्या मागे काय लिहिलेलं असायचं. कमांडर डीआय. मार्शल डीआय. टाटा २०७ डीआय. शहरातल्या माणसाला ती अक्षरं दिसलीही नसतील. आमच्याकडे काळी-पिवळी चालवणारा माणूस गाडी घेताना आधी ती दोन अक्षरं बघायचा. जगात गाड्यांच्या मागे इंजिनाची ताकद लिहितात, आपल्याकडे डिझेलची बचत लिहिली जायची.

आणि या डीआयचा उगम कुठे, तर परत ट्रॅक्टरमध्ये. बोलेरो पिकअपच्या तपशिलात इंजिन २५२३ सीसी असं लिहिलेलं असतं. सिलिंडरचा व्यास ८८.९ मिमी, पिस्टनचा फेरा १०१.६ मिमी. एवढे तिरपागडे आकडे कोण ठरवतं? इंचात करा. साडेतीन इंच, चार इंच. बरोबर. इंटरनॅशनल हार्वेस्टरच्या बी-४१४ ट्रॅक्टरचं बीडी-१५४ इंजिन याच मापाचं होतं, १५४ घन इंच. मधल्या काळात त्याला टर्बो आला, कॉमन रेल आली, कॉम्प्युटर आला. पण सिलिंडरचं माप साठ वर्षांपूर्वी इंचात विचार करणाऱ्या कुणी काढून ठेवलं तेच राहिलं. आम्ही सॉफ्टवेअरवाले याला लेगसी कोड म्हणतो आणि नाकं मुरडतो. इथे तोच लेगसी कोड रोज पहाटे जाधववाडीच्या मार्केटात माल उतरवतो.

त्या मापात एक शहाणपणही आहे. पेज्योमध्ये व्यास ९० आणि फेरा ८३, म्हणजे आखूड आणि रुंद, पळण्यासाठी. ट्रॅक्टरवाल्यात फेरा व्यासापेक्षा लांब. असं इंजिन कमी फेऱ्यांवर जोर धरतं, आणि फेरे कमी म्हणजे आतलं घर्षण कमी. अद्रकाची पोती भरून खुलताबादहून दौलताबादच्या घाटात जाणाऱ्या गाडीला शर्यत जिंकायची नसते.

हे सगळं अण्णांना सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि विचारलं, "मग आपला छोटा टेम्पो तर वीस-वीस द्यायचा. तो का बुडाला?"

याचं उत्तर मला येत होतं असं मी समजत होतो. जानेवारी २०१३ मध्ये सरकारने डिझेलचा भाव दर महिन्याला पन्नास पैशांच्या आसपास वाढवायला परवानगी दिली, आणि ऑक्टोबर २०१४ मध्ये तो पूर्ण मोकळा केला. डिझेल स्वस्त राहणार, या एका गृहीतकावर खेड्यापाड्यांतल्या किती कर्जांची गणितं उभी होती! पुढे २४ जून २०२० रोजी दिल्लीत डिझेल पेट्रोलपेक्षा महाग झालं, तेव्हा ते गृहीतक उलटंच झालं. त्याच वर्षी १ एप्रिलपासून बीएस-सहा आलं आणि छोट्या डिझेल इंजिनांना धूर गाळायची यंत्रणा इतकी महाग पडायला लागली की पेट्रोल-सीएनजीच्या छोट्या गाड्या परत आल्या. आपल्या चिकलठाण्यात ग्रीव्हजने तीनचाकींसाठी एका सिलिंडरची डिझेल इंजिनं वर्षानुवर्षं बनवली, तो सगळा काळ बघता बघता मागे पडला.

पण अण्णांकडे एक वही निघाली. २०११ ते २०१३, प्रत्येक वेळी भरलेलं डिझेल आणि गाडीचे किलोमीटर, निळ्या पेनाने. मी ती तक्त्यात उतरवली. वीसचं ॲव्हरेज रिकाम्या गाडीचं होतं. आठ क्विंटल भरल्यावर अठरा. आणि ज्या खेपांना घाईत चौदा-पंधरा क्विंटल कोंबले होते, तिथे नऊ-दहा. त्या महिन्यांत नोझल, क्लच, दोनदा पाटे. सात-आठशे किलोच्या गाडीवर दुप्पट माल टाकला होता. दोष गाडीचा नव्हता आणि एकट्या डिझेलचाही नव्हता. ॲव्हरेज बघून गाडी घेतली होती, पण माल बघितला नव्हता.

मग आम्ही दोघांनी किलोमीटर सोडले आणि क्विंटलने मोजलं. छोटी गाडी अठराच्या ॲव्हरेजने शंभर किलोमीटरला साडेपाच लिटर पिते आणि आठ क्विंटल नेते. क्विंटलमागे साधारण सातशे मिली. मोठी पिकअप बाराचं ॲव्हरेज देते, सव्वाआठ लिटर पिते, पण पंधरा क्विंटल नेते. क्विंटलमागे साडेपाचशे मिली. म्हणजे जास्त पिणारी गाडी स्वस्त, पण भरलेली असेल तरच. तीच पिकअप सात क्विंटल घेऊन गेली तर क्विंटलमागे लिटरच्या वर जाते. ज्याचा माल कमी आणि खेपा जास्त, किराणा किंवा दुधाचं काम, त्याने छोटीच घ्यावी, आणि माझ्या मते पेट्रोल किंवा सीएनजी. रोज पाच-सात किलोमीटरच्या खेपा मारणाऱ्याने बीएस-सहा डिझेल घेऊच नये. धूर गाळणारी जाळी साफ व्हायला इंजिन नीट तापावं लागतं, गावातल्या गावात ते तापतच नाही.

आमचा माल अद्रक आणि कांदा, वर शेजारच्या दोन घरांचा. लासूर स्टेशन नाहीतर जाधववाडी. परतताना खताची पोती मिळाली तर दोन्ही बाजू भरतात. अण्णांनी आकडे बघितले आणि म्हणाले, "खताच्या दुकानदाराशी आधी बोलतो. मग गाडी."

ते त्यांनी खरंच त्या क्रमाने केलं. दुकानदार हो म्हणाला, मग जानेवारीत २५२३ सीसीची जुनी पिकअप आली. पहिल्या मालकाने इंजिन एकदा बांधलेलं, टायर दोन नवे. हप्ता मागच्यापेक्षा लहान, कारण अर्धे पैसे या वेळी मी घातले. त्यावर अण्णा दोन दिवस माझ्याशी नीट बोलले नाहीत.

आता दर रविवारी व्हॉट्सॲपवर वहीच्या पानाचा फोटो येतो. तारीख, लिटर, किलोमीटर. शेवटी पट्टीने ओढलेला एक नवा रकाना आहे, त्यात जातानाचे क्विंटल वर आणि येतानाचे खाली. मागच्या रविवारी खालच्या ओळीत तीनदा शून्य होतं. मी फोन केला तर म्हणाले, खत आलं नाही, पावसाने ओढ दिलीये, कुणी उचलत नाही.