मराठ्यांच्या आरमाराचा उदय

शिवछत्रपतींचे स्मरण होताच गड, घाट आणि घोडदळ डोळ्यांपुढे उभे राहतात. समुद्र मात्र सहसा आठवत नाही. वस्तुतः १६५७ साली कल्याण व भिवंडी स्वराज्यात आली, तेव्हाच आपल्या राज्याचा एक दरवाजा पाण्यावर उघडतो, हे महाराजांनी ओळखले. जंजिऱ्याचा सिद्दी किनाऱ्यावरील रयतेस लुटीत होता आणि पोर्तुगीजांच्या परवान्यावाचून व्यापारी तारवांस समुद्रात वावरणे कठीण झाले होते. अशा स्थितीत जहाजबांधणीस आरंभ झाला. रुई लैतांव व्हिएगस हा पोर्तुगीज कारागीर चाकरीस ठेविला होता. परंतु त्याच्या देशबांधवांनी त्यास व त्याच्या सोबत्यांस फितवून परत नेले. तरी काम थांबले नाही.

१६६४ साली मालवणनजीक कुरटे बेटावर सिंधुदुर्गाचा पाया घातला गेला आणि पुढच्याच वर्षी महाराज स्वतः जहाजावर चढून बसरूरवर गेले. त्या काळी सागरगमन धर्मबाह्य मानणाऱ्यांची वाण नव्हती, हे ध्यानी घेतले म्हणजे या घटनेचे मोल कळते.

खरी कसोटी लागली ती खांदेरीस. मुंबईच्या तोंडावरील हे ओसाड बेट १६७९ च्या पावसाळ्यात मायनाक भंडारी याने व्यापिले व तटबंदी आरंभिली. इंग्रज चवताळले. १८ ऑक्टोबरच्या पहाटे नागावकडून दौलतखानाची गलबते त्यांच्या आरमारावर चालून आली. इंग्रजांचे ‘डव्ह’ हे जहाज शरण आले. ‘रिव्हेंज’ने मात्र जबर तोफा डागून आपल्या पक्षाची लाज राखली. समोरासमोरच्या तोफयुद्धात इंग्रज सरस होते, हे मोकळेपणाने मान्य केले पाहिजे. परंतु त्यांची अवजड जहाजे वाऱ्यावर अवलंबून, तर आपली उथळ तळाची गलबते वल्ह्यांवर चालणारी. रात्रीच्या अंधारात खाडीतून निघून ती बेटावर दाणागोटा पोहोचवीत, आणि पहाऱ्यावरील इंग्रज हात चोळीत राहत. अखेर १६८० च्या आरंभी इंग्रजांस तह करावा लागला. खांदेरी मराठ्यांकडेच राहिली. पण शेजारची उंदेरी सिद्दीने बळकाविली, हा सल मात्र उरलाच.

मायनाकाचे नाव तरी कागदपत्रांत टिकले. वल्ही मारणारे भंडारी, कोळी, गाबीत, दालदी यांची नावे कोणी लिहिली?

पुढे कान्होजी आंग्र्यांनी हेच सामर्थ्य शिगेस नेले. १७२१ साली इंग्रज व पोर्तुगीज एकवटून कुलाब्यावर आले आणि विन्मुख परतले. इंग्रज कान्होजींस चाचा म्हणत; आपल्याच किनाऱ्यावर जकात घेणारा चाचा कसा, हे कोडे निदान आम्हांस उलगडत नाही. १७२९ साली कान्होजी निवर्तले, घरात भाऊबंदकी माजली. तुळाजी आंग्र्यांचा बंदोबस्त करण्यासाठी नानासाहेब पेशव्यांनी इंग्रजांस पाचारण केले, आणि फेब्रुवारी १७५६ मध्ये वॉटसनच्या तोफांनी विजयदुर्गाच्या खाडीत ते सारे आरमार जाळून टाकले.