पोस्टाने आलेली चाचणी

मंडळी, आज जाऊया २००६ सालच्या इंग्लंडमध्ये. सरकारी आरोग्यसेवेने साठी ओलांडलेल्यांसाठी आतड्याच्या कॅन्सरची तपासणी सुरू केली. किट पोस्टाने घरी, तेही फुकट. तरी कितीतरी जणांनी ते परत पाठवलंच नाही.

का? शीमधलं डोळ्यांना न दिसणारं रक्त शोधायचं, म्हणून तीन वेगवेगळ्या वेळचे दोन-दोन नमुने काडीने पुठ्ठ्याच्या कार्डावर लावायचे. म्हणजे ते कार्ड काही दिवस घरातच! किळस, घरच्यांसमोर लाज, आणि त्याखाली भीती: काही निघालंच तर? मी तरी याला आळस म्हणणार नाही.

२०१४ मध्ये तिथे नवी चाचणी आजमावली. नमुना एकदाच, काडी थेट बाटलीत बंद. सहभाग ५९ वरून ६६ टक्क्यांवर गेला. आधी किट न पाठवणाऱ्यांमध्ये तर जवळपास दुप्पट झाला. २०१९ पासून इंग्लंडभर हीच चाचणी आहे.

किळस कमी झाली, पण लाजेचं काय? तिथे चक्क एक पॉडकास्ट कामी आला. पेशाने शिक्षिका असलेल्या डेबोरा जेम्सला ३५व्या वर्षी हाच कॅन्सर झाला. २०१८ पासून ती बीबीसीच्या पॉडकास्टवर शीबद्दल बिनधास्त बोलायची. २०२२ मध्ये, ४०व्या वर्षी ती गेली. त्याआधी शीच्या इमोजीचा पोशाख घालून नाचलीही होती.